मारेकरी कोणी घातला?

अंपायरने ढळढळीत चुकीचा निर्णय दिला की मैदानाच्या कडेच्या कट्ट्यावरून आरोळी येते, ‘गांजा मारून आलायस का रे?’ आरोळी मारणाऱ्याने अंपायरच्या तोंडाचा वास घेतलेला नसतो. ‘चरशी’, ‘गांजेकस’, ‘बेवडा’ या शिव्या अशाच दिल्या जातात. हा माणूस फालतू आहे, चारचौघांत धरण्यासारखा नाही, एवढाच त्यांचा मतलब. आता समजा, सहा-सातशे वर्षांनी एखाद्या पंडिताच्या हाती ही आरोळी लागली आणि त्याने प्रबंध लिहिला, की महाराष्ट्रात त्या काळी पंच गांजा ओढूनच मैदानात उतरत. आपण पोट धरून हसू. पण राजकीय खुनी माणसासाठी जगभर चालणारा ‘असॅसिन’ हा शब्द नेमका याच रस्त्याने आला आहे, आणि त्यावर मात्र कोणी हसत नाही.

‘असॅसिन’चं मूळ अरबीतल्या ‘हशीशी’, म्हणजे हशीश (आपला चरस) घेणारा, या शब्दात आहे, ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक असते. व्हॉट्सअॅपवर ती फिरते, सहलीचे गाइड ती सांगतात. इराणच्या डोंगरात एक म्हातारा होता, तो तरुण पोरांना हशीश पाजायचा, बागेत नेऊन अप्सरा दाखवायचा, मग हातात खंजीर देऊन पाठवायचा. गोष्ट झकास आहे. तिच्यात व्युत्पत्ती तेवढी खरी आहे, बाकीचं रचलेलं आहे.

शब्दाची सुरुवात भाऊबंदकीत झाली. शियांमधल्या इस्माइली पंथाचे फातिमी खलिफा कैरोत राज्य करत होते. १०९४ साली खलिफा अल-मुस्तनसिर वारला आणि वारसाचा तंटा पेटला. थोरला मुलगा निझार बाजूला पडला, वजिराने धाकट्याला, अल-मुस्तअलीला, गादीवर बसवलं. इराण आणि सीरियातल्या इस्माइलींनी निझारची बाजू धरली, ते निझारी झाले. पुढे अल-मुस्तअलीचा मुलगा अल-आमिर खलिफा असताना, ११२३ च्या सुमारास, कैरोच्या दरबारातून सीरियातल्या निझारींच्या विरोधात एक पत्र गेलं. त्यात त्यांना ‘हशीशिय्या’ म्हटलं आहे. लिखाणात सापडलेला हा सर्वांत जुना उल्लेख. पत्रात शब्दाचं स्पष्टीकरण नाही, ते लोक अमली पदार्थ घेतात असा आरोपही नाही. नुसती शिवी हासडली आहे, आणि तीही सख्ख्या भावकीने. अल-आमिर स्वतः ११३० मध्ये मारला गेला, निझारींच्याच हातून, असं इतिहासकार मानतात. म्हणजे शिवी देणाऱ्याला खंजीर मिळाला, पण शिवी राहिली.

मुंबईकर वाचकासाठी यात एक घरगुती धागा आहे. अल-मुस्तअली आणि अल-आमिर यांना इमाम मानणाऱ्या परंपरेतले दाऊदी बोहरा भेंडीबाजारात आहेत. निझारी परंपरेतल्या खोजांचा जुना जमातखाना तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, डोंगरीच्या बाजूला, सॅम्युअल स्ट्रीटवर आहे. नऊशे वर्षांपूर्वीच्या ज्या तंट्यातून ही शिवी निघाली, त्याच्या दोन्ही बाजूंचे वारस आज एकाच वस्तीत दुकानं चालवतात.

आता त्या डोंगरातल्या म्हाताऱ्याकडे येऊ. हसन सब्बाह हा कोमचा, रय शहरात वाढलेला, कैरोला जाऊन आलेला विद्वान धर्मप्रचारक. १०९० साली त्याने एल्बुर्झ पर्वतातला आलमूत किल्ला घेतला. माणसं आधी गुपचूप आत पेरली आणि मग किल्ला ताब्यात घेतला, लढाई अशी झालीच नाही. सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर फिरलेल्या माणसाला आलमूत समजायला वेळ लागत नाही. उभा कातळ, कातळात कोरलेली टाकी, धान्याचे साठे, वर जायला एकच अवघड वाट. समोर इराणवर राज्य करणाऱ्या सेल्जुक तुर्कांची अफाट फौज, आणि आपल्याकडे मूठभर माणसं. मैदानात उभं राहायची सोय नाही. अशा वेळी हसनने ठरवलं, की शत्रूचं सैन्य मारण्यापेक्षा शत्रूचा एकेक माणूस निवडून मारायचा. १०९२ च्या ऑक्टोबरात सेल्जुकांचा बलाढ्य वजीर निझाम-उल-मुल्क असाच गेला. मारणारा सूफीच्या वेषात पालखीजवळ आला होता.

हसन आलमूतवर चढला तो ११२४ मध्ये मरेपर्यंत खाली उतरला नाही, असं सांगतात. चौतीस वर्षं. त्या काळातली एक हकीकत ज्युवैनी या इराणी इतिहासकाराने दिली आहे: हसनने आपल्या एका मुलाला दारू प्यायल्याच्या आरोपावरून ठार करवलं. गडावर बासरी वाजवली म्हणून एकाला कायमचं हाकलून दिलं. हा ज्युवैनी निझारींचा कट्टर वैरी. १२५६ मध्ये मंगोल सरदार हुलागूने आलमूत घेतला तेव्हा तो हुलागूच्या चाकरीत होता. आलमूतच्या ग्रंथालयातून कुराणाच्या प्रती आणि ग्रहताऱ्यांची उपकरणं काढून घेऊन बाकीची ‘पाखंडी’ पुस्तकं त्यानेच जाळायला लावली. निझारींना द्यायची एकही शिवी त्याने शिल्लक ठेवलेली नाही. पण त्याच्या लिखाणात हशीशचं नाव नाही. इराणकडचे लोक निझारींना ‘मलाहिदा’ म्हणजे पाखंडी म्हणत. ‘हशीशी’ ही मुख्यतः सीरियातली बोली. ज्या गडावर दारूच्या घोटासाठी पोटचा पोरगा गेला, तिथे पोरांना नशा पाजून पाठवत होते हे कोणाला पटवायचं असेल तर त्याने आधी ज्युवैनीला पटवावं.

आणि कामाचं स्वरूप बघा. २८ एप्रिल ११९२, सूर शहर, आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर. जेरुसलेमचा राजा म्हणून नुकताच निवडला गेलेला माँटफेराचा कॉनराड जेवणाला म्हणून एका बिशपकडे गेला होता. बिशपचं जेवण आधीच उरकलेलं, म्हणून तो घराकडे परतत होता. अरुंद गल्ली. दोन ख्रिस्ती साधू समोर आले. कॉनराड त्यांना ओळखत असावा, कारण ते महिनोन्महिने शहरात राहून लोकांच्या ओळखीचे झाले होते. दोघांनी खंजीर काढले. हे काम तारेत असलेल्या माणसाचं नव्हे. परक्या धर्माच्या प्रार्थना पाठ करायच्या, परक्या पंगतीत जेवायचं, रोज सावज डोळ्यांसमोरून जाऊ द्यायचं आणि वाट बघायची. धनुष्य नाही, विष नाही, खंजीरच. म्हणजे अंगाला अंग लागेल इतकं जवळ जायचं आणि नंतर सुटका नाही हे माहीत असायचं. ते स्वतःला ‘फिदाई’ म्हणवत, जीव ओवाळून टाकणारे. (आपण नटीवर ‘फिदा’ होतो तोच हा शब्द. प्रवासात शब्दाचं कसं भलं होतं तेही बघावं.) त्यांच्यात नशा असेलच तर ती श्रद्धेची होती, आणि ती चिलमीत भरता येत नाही.

मी त्यांची वकिली करत नाही. त्यांनी माणसं मारली, ठरवून मारली, सलाहुद्दीनवर दोनदा घाला घातला. उलट माझं म्हणणं हेच आहे, की त्यांनी ते शुद्धीत केलं, आणि हशीशची गोष्ट ती शुद्ध झाकून टाकते.

युरोपात हा शब्द सीरियातल्या क्रूसेडरांनी, म्हणजे धर्मयुद्धासाठी आलेल्या युरोपीय ख्रिस्ती लढवय्यांनी, नेला. त्यांनी बाजारात ऐकलेली शिवी जमातीचं नाव म्हणून उचलली. सूरचा आर्चबिशप विल्यम बाराव्या शतकात लिहितो, की आमचे लोक आणि मुसलमानही यांना ‘अस्सिसिनी’ म्हणतात, पण हे नाव आलं कुठून ते आम्हाला ठाऊक नाही. शेजारी राहून, अरबी मुलखात आयुष्य काढूनही त्याला नशेची गोष्ट माहीत नाही. गंमत म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या शाहिरांनी हा शब्द आधी प्रेमगीतात वापरला: असॅसिन जसा आपल्या धन्याची सेवा करतो तसा मी तुझी करीन, असं प्रेयसीला सांगण्यासाठी. चौदाव्या शतकात इटालियन कवी दान्तेपर्यंत येताना त्याचा ‘दगाबाज खुनी’ झाला. मार्को पोलो इराणातून गेला तेव्हा आलमूत पडून पंधराएक वर्षं लोटली होती. त्याची ती प्रसिद्ध बाग ऐकीव आहे. तिच्यात पोरांना गुंगीचं पेय देतात ते बागेत उचलून नेण्यासाठी. त्या पेयाचं नाव हशीश असं तो म्हणत नाही, आणि ते पिऊन खून करायला जातात असंही म्हणत नाही. १८०९ साली पॅरिसमध्ये सिल्व्हेस्त्र द सासी या अरबीच्या पंडिताने शब्दाचं मूळ ‘हशीशी’ आहे हे दाखवून दिलं. ते बरोबर होतं. पण नाव हशीशी तर माणसं हशीश घेत असणारच, ही उडी त्यानेही मारली, आणि नंतरच्यांनी ती उडी राजरस्ता करून टाकली.

अलीकडे एक उलट टूम निघाली आहे: शब्द ‘असास’वरून, म्हणजे ‘पाया’वरून आला, मूलतत्त्वाशी निष्ठ असलेले ते ‘असासी’. हेतू चांगला आहे, जमातीवरचा डाग पुसण्याचा. पण पुरावा नाही. शिवीला शिवी म्हणून मान्य करणं हे तिला खोटा गोडवा लावण्यापेक्षा केव्हाही प्रामाणिक.

नशेची गोष्ट इतकी का आवडली? कारण ती सोयीची आहे. आपल्यासारखीच विचार करणारी, हसणारी, आईची आठवण येणारी माणसं शांत डोक्याने कोणाला तरी मारायला जातात, हे पचवणं कठीण. चिलीम मध्ये आणली की प्रश्न मिटतो. त्यांच्या तक्रारी काय होत्या, त्यांना कोणी पाठवलं, त्या पाठवणाऱ्याला काय हवं होतं, हे काही विचारायचं कारण उरत नाही. सगळी चौकशी खुन्याच्या मेंदूशी येऊन थांबते.

मराठीचा मात्र इथे अभिमान वाटावा. आपल्याकडे जुना वाक्प्रचार ‘मारेकरी घालणे’. अमक्याने तमक्यावर मारेकरी घातले. वाक्याचा कर्ता बघा: खंजीर ज्याच्या हातात आहे तो नव्हे, ज्याने पाठवला तो. मुंबईच्या गल्लीतली ‘सुपारी’ही तशीच. बँडवाल्याला किंवा तमाशाच्या फडाला देतात तशी ती कोणीतरी दिल्याशिवाय कोणाला घेता येत नाही. ‘सुपारी कोणाची?’ हा प्रश्न शब्दातच बसलेला आहे. अफजलखानाने विजापूरच्या दरबारात विडा उचलला, आणि विडा उचलायला आधी तो कोणीतरी ठेवावा लागतो.

३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी कापलं. लोकांच्या स्मरणात काय उरलं? ‘काका, मला वाचवा’ ही किंकाळी, आणि ‘ध’चा ‘मा’. म्हणजे ‘धरावे’चं ‘मारावे’ कोणी केलं, हा प्रश्न. आनंदीबाईंवरच्या त्या आरोपाला पुरावा बेताचाच आहे. पण अडीचशे वर्षं मराठी माणूस चुकीच्या का होईना, घालणाऱ्याचाच शोध घेतो आहे. रामशास्त्र्यांनीही सुमेरसिंग गारद्यावर न थांबता राघोबांकडे बोट दाखवलं. सुमेरसिंग काय प्यायला होता याची चर्चा पुण्यात कोणी केल्याचं ऐकिवात नाही.

पण त्याच घटनेत आपण दुसरा घोळ घातला. ‘गारदी’ हा शब्द युरोपीय ‘गार्ड’पासून आलेला, कवायती पायदळातला शिपाई एवढाच त्याचा अर्थ. पानिपतावर शेवटपर्यंत लढलेला आणि मग पकडून मारला गेलेला इब्राहिमखान गारदीच होता. शनिवारवाड्यातल्या त्या दुपारनंतर शब्दाला रक्त लागलं ते लागलंच. पहारेकऱ्याच्या शब्दाचा खाटीक झाला. काही जणांचं कृत्य साऱ्या जमातीच्या नावाला चिकटतं ते असं, आणि ते करायला क्रूसेडरच लागतात असं नाही.

१९४८ मध्ये हे दोन्ही रोग आपल्याला एकदम जडले. ३० जानेवारीच्या रात्री नेहरूंनी रेडिओवरून सांगितलं, की एका वेड्याने बापूंचा जीव घेतला, त्याला वेडाच म्हणावं लागेल. त्या रात्री देश पेटू नये म्हणून ते म्हणणं गरजेचं होतं, हे मी मान्य करतो. पण तेव्हापासून ‘माथेफिरू’ हा शब्द जो आपल्या वर्तमानपत्रांत ठाण मांडून बसला तो उठायला तयार नाही. हा माथेफिरू आणि त्याचे काही साथीदार २० जानेवारीच्या फसलेल्या प्रयत्नासाठी दिल्लीत खोट्या नावांनी हॉटेलात उतरले होते. तो प्रयत्न फसल्यावर पिस्तुलासाठी ग्वाल्हेर गाठलं गेलं. नंतर लाल किल्ल्यातल्या खटल्यात नथुराम गोडसेने लांबलचक निवेदन वाचून आपली कारणं क्रमाने मांडली. यात माथं कुठे फिरलं आहे? चुकलेलं आहे, विखारी आहे, पण फिरलेलं नाही. ‘माथेफिरू’ ही आपली हशीश आहे.

एकीकडे खुनी वेडा ठरला, आणि दुसरीकडे त्याच आठवड्यात सातारा-सांगली-कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जळाली. त्यातली बहुतेक माणसं गोडसेला ओळखतही नव्हती. म्हणजे घालणाऱ्याचा शोध घेतला नाही तर जमाव तो आपल्या पद्धतीने घेतो, आडनावं वाचून. ‘कोणी पाठवलं’ हा प्रश्न ‘कोणाच्या जातीचा’ असा बदलायला एक रात्र पुरते.

हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातं, याची मला कल्पना आहे. १८९७ मध्ये चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडला गोळ्या घातल्या, तेव्हा इंग्रज सरकारनेही घालणाऱ्याचाच शोध घेतला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, नातू बंधूंना खटल्याशिवाय डांबलं. चापेकरांच्या डोक्यात राग कोणाला ‘घालावा’ लागला नव्हता. प्लेगच्या नावाखाली घराघरांत घुसलेल्या सोजिरांनी तो घातला होता. तेव्हा घालणारा नेहमी असतोच असं नाही, आणि त्याला शोधणं सत्तेच्या हातात दिलं की लेखकापासून सुरुवात होते. म्हणून तो प्रश्न पुराव्याने विचारायचा, अंदाजाने नाही. मात्र विचारायचाच.

‘वध’ की ‘हत्या’ हा आपला आवडता वाद मला त्यामानाने किरकोळ वाटतो. कंसाचा, कीचकाचा होतो तो वध, म्हणून जे ‘गांधीवध’ म्हणतात ते आपल्याला गांधी कोण वाटतात हे सांगून मोकळे होतात. खुद्द नथुरामच्या धाकट्या भावाने आठवणी लिहिल्या तेव्हा पुस्तकाच्या नावात ‘हत्या’ हाच शब्द घेतला. तेवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. वध म्हणा, हत्या म्हणा, दोन्ही शब्द मेलेल्या माणसाबद्दल बोलतात. पाठवणाऱ्याबद्दल दोन्ही गप्प आहेत.

आलमूतच्या वंशाचं पुढे काय झालं ते आपल्याच शहरात बघायला मिळतं. आलमूतच्या इमामांचे वंशज हसन अली शाह, पहिले आगा खान, १८४० च्या दशकात इराणातून सिंधमार्गे मुंबईत आले. काही खोजांनी त्यांचा अधिकार नाकारला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. १८६६ मध्ये न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी इस्माइलींचा इतिहास सविस्तर तपासून निकाल दिला, की खोजे हे शिया इमामी इस्माइली आहेत आणि आगा खान त्यांचे इमाम. युरोपने ज्या वंशाला शिवीत कोंबलं होतं, तो वंश इथे दस्तऐवज म्हणून कोर्टात उभा राहिला आणि जिंकला. डॉकयार्ड रोड स्टेशनपासून थोडं चाललं की माझगावात त्यांचा मकबरा आहे, हसनाबाद. पांढरा घुमट, बाहेर ट्रक आणि गोदामं, आत शांतता. मी गेलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ पायरीवर बसून गुजराती वर्तमानपत्र वाचत होते.

पहिल्या आगा खानांच्या नातवाने, तिसऱ्या आगा खानांनी, १८९२ साली पुण्यात महाल बांधला. १९४२ च्या ऑगस्टात इंग्रजांनी गांधींना त्याच महालात कैदेत ठेवलं. महादेवभाई तिथेच गेले, कस्तुरबाही तिथेच गेल्या. ‘असॅसिन’ ज्यांच्यावरून आले त्यांच्या वंशजाच्या घरातून गांधी १९४४ मध्ये जिवंत बाहेर पडले. त्यांना मारायला पुढे जे निघाले, त्यांतले काही त्याच पुण्यातले होते.

त्याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी ओंकारेश्वरजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. जवळजवळ अकरा वर्षांनी, १० मे २०२४ ला, निकाल लागला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांत ‘मारेकऱ्यांना जन्मठेप’ होतं. निकालपत्रात न्यायालयाने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे: मुख्य सूत्रधार दुसरेच कोणी आहेत, आणि तपासयंत्रणा त्यांच्यापर्यंत पोचू शकल्या नाहीत.